आपण म्हणजे कोण

बहात्तरच्या दुष्काळात मी नाशिकला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. अक्षर चांगलं म्हणून पुढाऱ्यांची भाषणं लिहून देण्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं. ‘आम्ही’ लिहू नका, ‘आपण’ लिहा, लोकांना जवळीक वाटते, असं साहेबांनी बजावलं होतं. मग काय, आपण पोटाला चिमटा घेऊ, आपण कळ सोसू, आपण एक वेळ जेवू. लिहून लिहून मला वीट आला होता.

एकदा चांदवडजवळ खडी फोडण्याच्या कामावर सभा झाली. पुढारी जीपशेजारी उभे राहून माझं भाषण वाचत होते. ‘आपण एक वेळ जेवलं पाहिजे,’ ते म्हणाले. माझ्यापुढे बसलेल्या बाईनं शेजारणीला हळूच विचारलं, “आपण म्हंजी हे बी आले का त्यात?”

“नाय गं,” शेजारीण म्हणाली. “मोठी माणसं हायेत, मान देऊन बोलत्यात. आपण म्हंजी तू.”

पुढं पंधरा वर्षं मी भाषणं लिहिली. कधी पाणी नसायचं, कधी रॉकेल. दर वेळी ‘आपण’पाशी पेन अडायचं, पण शब्द मी बदलला नाही. चुकीचा नव्हताच तो.