फिलेमोनाने काय केलं असेल?

"आधी पार्श्वभूमी समजून घ्या," असं म्हणून साहेब चष्मा काढून पुसू लागत. चष्मा निघाला, की आपला चहा गार होणार हे आम्ही ओळखायचो.

ते मूळचे नगरचे, ख्रिस्ती. चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत आमच्या विभागाचे साहेब. रविवारी आम्ही चार मराठी घरं त्यांच्याकडे जमायचो. खरं तर चकल्यांसाठी. पण बायबलमधलं, संत पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र त्यांनी आमच्याकडून जवळजवळ पाठच करून घेतलं. फिलेमोन धनी, अनेसिम त्याचा पळालेला गुलाम. तुरुंगातला पौल अनेसिमला परत पाठवतो आणि लिहितो, याला आता गुलाम नव्हे, भाऊ समजून घरात घे.

"पत्र एवढंसं. पण पळालेल्या गुलामाला तेव्हा डाग देत असत. त्याला भाऊ म्हणायचं! विचार करा!"

आम्ही विचार करत आणखी एक चकली घ्यायचो.

ते दिवस पंजाबातल्या दहशतवादाचे. आमच्याच विभागातला मनीमाजऱ्याचा गुरमीत, टेक्निशियन, पोलिसांनी संशयावरून उचलला. काहीच सापडेना, तेव्हा सोडला. त्याला कामावर घ्यायला वरची हरकत नव्हती. फक्त साहेबांनी हो म्हणायचं होतं.

"थोडं थांबू," साहेब म्हणाले. "वातावरण निवळू दे."

माझ्या बायकोने कप खाली ठेवला. "फिलेमोनही हेच म्हणाला असेल, नाही?"

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

सोमवारी ते स्वतः मनीमाजऱ्याला गेले आणि गुरमीतला स्कूटरवर मागे बसवून निघाले. स्कूटरवर दोघांनी बसायला तेव्हा बंदी होती. कधी सिग्नलही न मोडणारा हा माणूस नेमकं तेच विसरला. नाक्यावर पोलिसांनी अडवलं.

"ये कौन है?"

"भाई है जी."

शिपायाने एकाची पगडी पाहिली, दुसऱ्याचं टक्कल पाहिलं. "किसका?"

"मेरा."

"फिर दोनों भाई पैदल जाओ."

स्कूटर ढकलत, घामाघूम होऊन दोघं ऑफिसात पोचले. गुरमीतच्या आजूबाजूच्यांनी आपापल्या खुर्च्या आधीच लांब नेल्या होत्या. साहेबांनी केबिनमधलं आपलं टेबल त्याच्या शेजारी आणून लावलं. आम्ही फायलीत डोकं घातलं.

निवृत्त होऊन ते नगरला निघाले, तेव्हा आम्ही सगळे स्टेशनवर हार घेऊन गेलो. गाडी सुटली. खिडकीतून साहेब हात हलवत होते, आणि शेजारच्या सीटवर, त्यांचा जेवणाचा डबा मांडीवर घेऊन, गुरमीत बसला होता. अंबाल्यापर्यंत सोडायला.