समाजभवनातल्या खुर्च्या

यशदीप दिवसा रेल्वेच्या कारखान्यात वेल्डिंग करतो आणि आमच्या मेटल रॉकच्या बँडमध्ये गातो, म्हणजे घसा फाटेस्तोवर ओरडतो. क्लबमध्ये आम्ही एकदाच वाजवलं. लोक पनीर चिली खात होते आणि मॅनेजर दर गाण्याला आवाज कमी करायला लावत होता. "आपण गाणं वाजवून राहिलो, का जेवण वाढून राहिलो?" असं म्हणत यशदीप स्टेजवरून उतरला, तो परत तिकडे फिरकला नाही.

तेव्हापासून आम्ही भनपुरी वस्तीतलं समाजभवन भाड्यानं घेतो. तिथले चौकीदार दयाराम काका दर वेळी लग्नातल्यासारख्या खुर्च्या मांडून ठेवतात. यशदीप दर वेळी चिडून त्या भिंतीला लावतो. मेटल बसून ऐकत नाहीत, पोट्ट्यांना नाचताना एकमेकांवर आदळायला जागा लागते, हे काकांना इतक्या वर्षांत पटलेलं नाही.

गेल्या रविवारी तो ड्यूटीवरून थेट आला आणि खुर्च्यांकडे बघत उभा राहिला.

"हटवू का, भैया?" मी विचारलं.

"राहू दे. कंबर दुखून राहिली."

लोक आले. तेच जुने चेहरे, कोणाचं पोट सुटलेलं, कोणाचे केस गेलेले. सगळे निमूट बसले. शेवटच्या गाण्यापर्यंत कोणीच उठलं नाही. जाताना एकानं यशदीपचा हात दाबला. "कुर्सियाँ रहने दीं, अच्छा किया भैया."

हॉल रिकामा झाल्यावर यशदीप एकेक खुर्ची ओढून भिंतीला लावू लागला.

"आता काहून?" काकांनी विचारलं.

कंबर धरून यशदीपनं पोट्ट्यांना आदळायला लागायची तेवढी सगळी जागा मोकळी केली.