खूण ठेवून गेलेला चोर

तुमच्या घरात अशी एक तरी वस्तू आहे का, जी बंद पडली तर उघडून बघायला कुणाची परवानगी लागत नाही? फोन नाही. लॅपटॉप नाही. नवा टीव्ही तर नाहीच. मिक्सर म्हणाल, तर त्याच्या तळाशी चिकटवलेला कागद वाचा. तो फाटला की वॉरंटी संपली. हा प्रश्न माझा नाही. पुंडलिकनगरातल्या एका चिंचोळ्या गाळ्यात बसणारा माणूस तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा. आज त्या माणसावर चोरीचा गुन्हा आहे, आणि त्याने चोरी केलेली नाही हे आमच्या आख्ख्या वसाहतीला माहीत आहे.

त्यांचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून पोलीस ठाण्यात आहे. गिऱ्हाइकं त्यांना उस्ताद म्हणत, मी भाऊ म्हणायचे. ते मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करत. शेजारच्या गाळ्यात मी टायपिंगची कामं करायचे. लग्नपत्रिका, अर्ज, मोर्च्याची पत्रकं. मधली भिंत पातळ होती, त्यामुळे त्यांची मतं मला दिवसभर ऐकू येत.

फोन हातात दिला की ते पडद्याकडे बघतच नसत. आधी उलटा करत, अंगठ्याचं नख कडेच्या फटीवरून फिरवत आणि विचारत, "स्क्रू कुठंय ह्याला?"

"उस्ताद, नया मॉडेल है. कैसा है, बताओ ना."

"बताना क्या, स्क्रूच नाय. गोंदानं चिकटवलंय सगळं. घर बांधलं अन् दारच ठिवलं नाय. आत आग लागली तर कुठून जाणार तुमी?"

सोयगावकडच्या एका वस्तीवर त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. बाजारात मेंढरू घेताना वडील आधी जबडा उघडून दात बघत, मग पाठीवर हात दाबत, किमतीचं बोलणं सगळ्यात शेवटी. भाऊ यंत्रांकडे तसंच बघत. एखाद्या मोठ्या कंपनीचा नवा फोन येणार असला की महिनाभर आधीपासून त्यांना चैन नसे. फोन जाहीर करायच्या कार्यक्रमाच्या दिवशी गाळ्यात खुर्च्या मांडल्या जात, लॅपटॉपवर तो लागे, आणि काळा शर्ट घातलेला साहेब मंचावर येऊन सांगे की हा आमचा आजवरचा सगळ्यात पातळ फोन आहे. तिकडे टाळ्या. इकडे भाऊ उसळत.

"पातळ झालं म्हणून टाळ्या कसल्या वाजवायलेत? मेंढरू पातळ झालं की आमचा बाप जनावराच्या डॉक्टरकडं पळायचा!"

खोक्यात चार्जर मिळणार नाही असं जाहीर झालं, त्या दिवशी ते उभेच राहिले. "ऐकलं का ताई? मेंढरू विकलं अन् पाय येगळे घ्या म्हणायलेत."

अपडेटबद्दलचं मत त्याहून कडक होतं. "विकलेल्या खुर्चीचा पाय कापायला सुतार पुन्ना घरात येतोय, अन् आपुनच त्याला 'हो' म्हणून बटन दाबतोय."

त्यांना यंत्रांचा राग होता असं समजू नका. यंत्रांवर त्यांचा जीव होता. एका जुन्या लॅपटॉपची बॅटरी एका खटक्यात निघायची. तो लॅपटॉप कधीच मेला होता, तरी त्यांनी तो टाकला नव्हता. येणाऱ्याला ते तो खटका ऐकवत. "ऐका. कसं सुटतंय बघा. हे ज्यानं केलं ना, त्याच्या घरी जाऊन च्या प्यावा वाटतोय."

एकदा माझा प्रिंटर बंद पडला. शाई संपली, असं तो सांगत होता. दुसऱ्या दिवशी मोर्चा, पत्रकं निम्मी छापून झालेली. भाऊ आले, शाईची डबी काढली, हलवली, उजेडाला धरली.

"शाई हाय. ह्यो खोटं बोलायलाय."

डबीवर नखाएवढी चिप होती. ती फक्त पानं मोजायची. ठरलेली पानं झाली की डबीत शाई असो वा नसो, संपली म्हणायची. भाऊंनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि दोन्ही तळवे टेबलावर टेकवून बसले. खरा राग आला की ते असेच बसत. मग म्हणाले, "यंत्र बिघडू द्या. बिघडणं पाप नाय. पण यंत्राला खोटं बोलायला शिकिवलं ज्यानं, त्यो हरामी." अर्ध्या तासात प्रिंटर खरं बोलायला लागला.

झाकण बंद करण्याआधी त्यांनी बारीक मार्करने आतल्या बाजूला नावाची दोन अक्षरं आणि तारीख लिहिली. ही त्यांची रीत होती. उघडलेल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात त्यांची खूण असे, आणि सांगण्यासारखं काही असेल तर खाली एक ओळ. 'पंखा नवा घातला.' 'डावा स्क्रू जपून फिरवा.'

"हे कुणासाठी भाऊ? कोण वाचणार?"

"फुडचा. उद्या दुसऱ्या कुणी उघडलं तर त्याला कळू दे, आदी कोण आत येऊन गेलं अन् काय करून गेलं. आमी मेंढरावर गेरूची खूण करतो, तसंच की. खूण न करता उघडणं म्हंजी चोरी, ताई."

मी शहराच्या टोकाला, हर्सूलच्या पुढच्या नव्या वसाहतीत राहते. त्या वर्षांत शहर तिकडे धावत सुटलं होतं. जिथे काल ज्वारी होती तिथे आज कमान उभी राहायची आणि कमानीवर एखाद्या फुलाचं नाव. रस्ते आखले, विजेचे खांब आले, बागेसाठी जागा सोडली. पाणी मात्र टँकरने. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता आणि बोअरला नुसती हवा यायला लागली होती. अशात बिल्डरने एका कंपनीचं पाण्याचं यंत्र बसवलं. फीत कापली, पेढे वाटले. मागच्या टाकीत टँकरचं पाणी ओतायचं, ते आत गाळून शुद्ध व्हायचं, आणि समोर कार्ड लावलं की नळ सुरू. टँकर आम्हीच मागवायचो. कार्डात पैसेही आम्हीच आधी भरून ठेवलेले. कंपनीचा होता तो फक्त लोखंडी डबा.

ऐन मे महिन्यात डबा बंद पडला. पडद्यावर एकच ओळ: सर्व्हरशी संपर्क होत नाही. कंपनी दुसऱ्या कंपनीला विकली गेली होती आणि कुठल्यातरी लांबच्या शहरात कुणीतरी एक तार काढली होती. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की टाकी भरलेली आहे, हाताने ठोकली तर भरल्याचा आवाज येतोय, आणि समोर बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या आहेत. टँकरचं पाणी आत घेणारी नळी तेवढी बाहेर, बाकी टाकी चहूबाजूंनी बंद, तिचं तोंडही कंपनीच्या कुलपात. मदतीच्या नंबरवर एक गोड आवाज आम्हाला सांगत होता की आमचा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. चार दिवस आम्ही महत्त्वाचे होतो.

पाचव्या दिवशी मी भाऊंना बोलावलं. होय, मीच.

रविवार होता, दुपारचे बारा. ते स्कूटरवरून पिशवी घेऊन आले, डब्याला एक फेरी मारली आणि मागच्या दाराजवळ उकिडवे बसले. स्क्रू होते, पण त्यांची डोकी तीन कोनांची, साध्या हत्याराने फिरू नयेत अशी. भाऊंनी कधीतरी कानस घासून तसं हत्यार करून ठेवलेलं होतं. ते हातात घेऊन ते थांबले आणि गर्दीकडे वळले.

"पाणी कुणाचं हाय?"

"आमचं!"

"टँकर कुणी मागिवला?"

"आम्हीच की!"

"मंग उघडू का?"

"उघडा, उघडा!" सगळे एकदम ओरडले. सोसायटीचे सेक्रेटरी सगळ्यात मोठ्याने. माझ्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो विचारता काय भाऊ, लेकरं तहानलेली आहेत."

वीस मिनिटं. त्यांनी काहीही तोडलं नाही. सर्व्हरला हाक मारणारा छोटा बोर्ड बाजूला केला, नळाची झडप सरळ बटणाला जोडली आणि बटण दाबलं. पाणी आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टी मारली, आणि भाऊ इतके लाजले की पिशवीत काहीतरी शोधायला लागले. मजुरी घेतली नाही. ओंजळभर पाणी प्यायले. मग मार्कर काढला.

दाराच्या आतल्या बाजूला दोन अक्षरं, तारीख आणि खाली लिहिलं: 'कंपनीचा बोर्ड आत टांगलाय. सगळं शाबूत आहे. संपर्क आला की परत जोडावा.' ते कंपनीच्या मिस्त्रीसाठी होतं. आपल्यासारखाच कुणी हत्यारवाला येईल, त्याला सोपं जावं म्हणून.

दहा दिवसांनी कंपनीचा माणूस आला. मागचं दार उघडायची तीन कोनांची चावी सोडली तर त्याच्या पिशवीत हत्यार नव्हतं, मोबाईल होता. त्याने त्या ओळींचा फोटो काढला आणि थेट ठाणं गाठलं. यंत्राची मोडतोड, पाण्याची चोरी. आरोपी शोधायची गरजच पडली नाही. त्याने स्वतःच सही करून ठेवली होती.

पोलीस गाळ्यात आले आणि दुरुस्तीला आलेले लोकांचे फोनसुद्धा संशयित माल म्हणून घेऊन गेले. पुंडलिकनगरात बातमी एका दुपारीत फिरली. ज्यांचे फोन गेले ते गाळ्यासमोर येऊन ओरडले. मी ठाण्यात गेले. तपास करणाऱ्या साहेबांना म्हटलं, "साहेब, कुठला चोर तारीख टाकून जातो?"

"बावळट चोर," साहेब म्हणाले आणि पुढच्या कागदाकडे वळले. जाताना मात्र एवढं बोलले, "पाणी वसाहतीचं होतं, वसाहतीनं सांगितलं म्हणून उघडलं, असे जबाब आणा. मग बघू."

जबाब. एवढंच हवं होतं. मला वाटलं, रांग लागेल.

कंपनी हुशार होती. तिने कळवलं की वसाहत या प्रकरणात पडणार नसेल, तर नवीन यंत्र बसवून देऊ. त्यावर बैठक झाली. सेक्रेटरी म्हणाले, "नवीन मशीन फुकट यायलंय. कशाला वाकड्यात शिरायचं?" मी म्हटलं, "तुम्हीच उघडा म्हणून ओरडला होतात." ते म्हणाले, "सगळेच ओरडत होते." शेजारच्या वहिनी माझी नजर चुकवत म्हणाल्या, "आमचे हे सरकारी नोकरीत. जबाब-बिबाब नक्को बाई." त्या रविवारी या वहिनींनी सात हंडे भरले होते. मी मोजत नव्हते, त्याच दर खेपेला हसून सांगत होत्या.

एक जबाब गेला, माझा. एकाच माणसाच्या जबाबाने वसाहत होत नाही, असं साहेब म्हणाले.

सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? कंपनीचा नाही. कंपनी आपला धंदा करते आहे. संताप त्या तोंडांचा येतो, जी ते पाणी प्यायली आणि नंतर त्या टाकीच्या तोंडासारखीच बंद झाली.

नवीन यंत्र आलं. मी भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी केसबद्दल विचारलं नाही. "स्क्रू हायत का त्याला?" एवढंच. नव्हते. चारी बाजूंनी वेल्डिंग मारलेलं होतं.

गिऱ्हाईक तुटलं, गाळा सुटला. तिथे आता हप्त्यावर फोन मिळतात, दारात फुगे लावलेले असतात. भाऊ गावी परतले. मेंढरं राहिली नाहीत, दुसऱ्याच्या शेतावर राखणीला जातात. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले. अंगणात बसलो, भाऊंच्या बायकोने चहा दिला. पडून फुटलेला माझा फोन मी सवयीने त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात मागे घेतले.

"नको ताई. केस मिटू दे."

"भाऊ, नुसता बघा तरी."

"आमच्या पोरीच्या शाळेत इचारत्यात, तुजा बाप चोर हाय का म्हणून. एकदा कागदावर येऊ दे, चोर नाय म्हणून. मंग बघतो."

ते फोनकडे बघत होते, आणि हात गुडघ्यांखाली दाबून बसले होते.

म्हणून हे लिहिते आहे. तपास अजून बंद झालेला नाही, जबाब अजूनही घेतात. त्या रविवारी हर्सूलच्या पुढच्या त्या नळावर ज्यांनी पाणी भरलं, त्यांनी येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता ठाण्यावर यावं. मी दारातच उभी असेन. तुम्ही तिथे नसाल, पण जे होते त्यांच्यापैकी कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर त्यांना घेऊन या. भाषण नको, वकील नको. आत जा, खुर्चीवर बसा आणि खरं तेवढं सांगा: पाणी आमचं होतं, आणि आम्ही त्यांना उघडायला सांगितलं.