सोळा जीबीचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. इतक्या वर्षांच्या नोकरीत घरफोड्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, खूनही पाहिले. पण मी सर्वांत मठ्ठासारखा वागलो तो एका लॅपटॉपच्या प्रकरणात. तेव्हा मी नवी मुंबईत हार्बर मार्गावरच्या एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात आणि एकमेकांशी चांगलं बोलतात.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. देवीचा बंदोबस्त उतरला की ठाणं जरा सैलावतं. सकाळची हजेरी झाली होती आणि स्टेशन डायरी सहीसाठी माझ्यासमोर होती. तेवढ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ लॅपटॉपची बॅग छातीशी धरून आत आले. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, राहायला जुईनगरच्या एका सोसायटीत.

"साहेब, माझ्या लॅपटॉपमधले पार्ट चोरीला गेलेत."

"बसा. पाणी घ्या. कुठले पार्ट?"

त्यांनी पाणी घेतलं नाही, धडाधड पाठ म्हणायला सुरुवात केली. "सोळा जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, एक टीबीची एसएसडी. महिनाभर अभ्यास करून निवडला होता साहेब! मोठ्या टीव्हीला जोडून पिक्चर बघायचे, मुलगा सुट्टीत आला की गेम खेळायचे, घरातले जुने व्हिडिओ कापून-जोडून ठेवायचे. दसऱ्याला सुरू केला तर गेम अडकायला लागला. स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याकडे दिला. दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, काका, यात आठच जीबी आहे आणि ग्राफिक्स कार्ड नाहीच. नाहीच म्हणजे? त्यानेच काढलं, दुसरं कोण काढणार?"

मला रॅम आणि रम यातला फरकही धड माहीत नव्हता. पण वस्तू दिली, परत आली, आतलं सामान गायब, एवढं पोलिसाला पुरतं. मी तक्रार अर्ज घेतला आणि लॅपटॉप टेबलावर ठेवून घेतला. थोड्या वेळाने ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव न सांगता एक माणूस, बहुधा त्याच्या शेजारचाच कुणी दुकानदार, म्हणाला, "तो स्टेशनजवळचा लॅपटॉपवाला काल एका गिऱ्हाइकाला रॅम विकत होता. बघा काय ते." झालं! माझ्या डोक्यात गुन्हा उघडकीस आलाच होता. दोन शिपाई पाठवून अकराच्या सुमाराला त्याला दुकानातून आणला. दुकानात तेव्हा गिऱ्हाइकं उभी होती.

माणूस पंचेचाळिशीचा, सडपातळ, शर्ट नीट खोचलेला. आईवडील मराठवाड्यातल्या खेड्यातून इकडे आलेले. हा दहावीनंतर एका दुकानात झाडलोट करता करता काम शिकला आणि पुढे स्वतःचं दुकान टाकलं. योगायोग असा, की त्याचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज अहवालासाठी माझ्याच टेबलावर पडलेला होता. शिरवण्याच्या बाजूच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत सगळ्या कॉम्प्युटरांच्या देखभालीचं काम त्याला मिळणार होतं. आठ दिवसांत ते प्रमाणपत्र दिलं नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला असता तर मला अहवालात तसं लिहावं लागलं असतं.

"काय काय काढलंस?" मी विचारलं.

"काही नाही साहेब."

"काल रॅम कुणाला विकलीस?"

"एका कॉलेजच्या मॅडमना. नवी, सीलबंद. आणलेल्या मालाचं बिल दुकानात आहे, मागवून घ्या." मग त्याने खिशातून एक कार्ड काढून पुढे केलं. "साहेब, हे जॉब कार्ड. मशीन घेताना मी त्यावर लिहून..."

"ते नंतर. आधी कार्डाचं बोल. ग्राफिक्स कार्ड."

तो जरासा हसला. मला ते हसू आवडलं नाही. "साहेब, रॅम काढता येते, नाही म्हणत नाही. पण ग्राफिक्सची चिप ह्या मॉडेलमध्ये बोर्डावरच बसवून येते. ती काढायची म्हणजे बोर्डाची वाट लागणार, मशीन सुरूच नाही होणार. हे सुरू होतंय ना? म्हणजे कंपनीतूनच ते बिनकार्डाचं आलंय."

"मला शिकवतोस?" मी आवाज चढवला.

त्याने जॉब कार्ड परत खिशात घातलं. आज सांगतो, त्या क्षणी तो मला खरंच शिकवत होता, आणि एका वाक्यात त्याने स्वतःला निर्दोष ठरवलं होतं. मला ते वाक्य कळलं नाही म्हणून मी ते खोटं धरलं. लोक काही समजलं नाही की असेच चिडतात, हे मी समोरच्या खुर्चीत शेकडो वेळा पाहिलं होतं. स्वतःच्या खुर्चीत ते दिसलं नाही.

हातातलं काम मात्र मी नियमाने करत असे. पंच बोलावले आणि लॅपटॉपचा पंचनामा सुरू केला. तक्रारदारांना घरून बिल आणि खोका आणायला पाठवलं. आमच्या हवालदार बाई लिहायला बसल्या. त्या शिरवण्याच्याच, मूळ गावातल्या. अक्षर मोत्यासारखं आणि नजर त्याहून बरी. मी सांगत गेलो: रंग काळा, उजव्या कोपऱ्याला बारीक ओरखडा, तळाला सिरियल नंबर अमुक. तक्रारदार खोका घेऊन परत आले तसा बाईंनी त्यावरचा नंबर वाचला.

"सायेब, यो नंबर तर येगलाच हाय."

मी टेबलावर हात आपटला. "म्हणजे पार्ट नाही, याने अख्खं मशीनच बदललं!"

तक्रारदार उभेच राहिले. रिपेअरवाल्याने तेच कार्ड परत माझ्यासमोर ठेवलं आणि हात जोडले. "आता तरी बघा साहेब."

बघितलं. त्यावर मशीन दुकानात आल्याची तारीख, तक्रार, सिरियल नंबर आणि खाली गिऱ्हाइकाची सही. नंबर टेबलावरच्या मशीनचाच होता. मी कार्ड तक्रारदारांकडे सरकवलं.

"ही सही?"

"माझीच," ते म्हणाले आणि खाली बसले.

म्हणजे जे मशीन दुकानात गेलं तेच परत आलं होतं. ते या खोक्यातलं नव्हतं, एवढंच. अशा वेळी साहेब लोक चहा मागवतात, तसा मी मागवला.

हवालदार बाई मात्र लॅपटॉपवर वाकल्या होत्या. "सायेब, ह्या झाकनावं कुकवाचा टिला हाय. पुसलाय, पन रंग ऱ्हायलाय. पूजंला ठेवला व्हता का वो?"

तक्रारदारांनी कपाळाला हात लावला. खंडेनवमीला त्यांच्या सोसायटीत सगळ्यांच्या हत्यारांची एकत्र पूजा करायची पद्धत. खाली हॉलमध्ये एका लांब टेबलावर प्लंबरचे पाने, कुणाचं शिलाई मशीन, कुणाची ड्रिल आणि हल्ली लॅपटॉपही. यांनी नवा लॅपटॉप पूजेआधी सुरूच करायचा नाही असं ठरवलेलं. खोका घरी ठेवून नुसतं मशीन खाली नेलं, रात्रभर झेंडूत राहू दिलं आणि दसऱ्याला सकाळी उचलून घरी आणलं.

"टेबलावर असे किती होते?"

"पाच-सहा असतील. पण साहेब, काळा तर..." आणि ते थांबले. "बी विंगच्या बाईंचाही काळाच होता. तसाच. त्याच नवरात्रीच्या सेलमधला, तोही पूजेपर्यंत सुरू न केलेला."

पंचांना आणि रिपेअरवाल्याला घेऊन आम्ही सोसायटीत गेलो. बी विंगच्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहणाऱ्या. दारात गणवेश बघून त्या घाबरल्या, कारण कळल्यावर खुर्च्या पुढे केल्या. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि मालिका चालू होती. तळाचा नंबर आमच्या खोक्यावरचाच निघाला! त्यांच्या माळ्यावरच्या खोक्यावर ठाण्यातल्या मशीनचा नंबर.

"तरी मी म्हणते, हा एवढा घुर्र-घुर्र का करतो," बाई म्हणाल्या. "पण चालतो छान हो. मालिका जरासुद्धा अडकत नाही. नेणार का तुम्ही?"

रिपेअरवाला सकाळपासून माझ्याकडून बोलणी खात होता. पण तोच पुढे होऊन त्यांची समजूत काढायला लागला. "मॅडम, तुमच्या मालिकेला, कुणाशी व्हिडिओवर बोलायला आठ जीबी भरपूर झाली. कार्डाची गरजच नाही, उलट ते गरम होतं, पंखा ओरडतो. तुमचा स्वतःचाच मस्त चालेल. अडकला तर मला फोन करा." मग तक्रारदारांकडे वळला. "आणि काका, तुमची निवड बरोबर होती. गेम आणि एडिटिंगला कार्ड पाहिजेच. तुम्ही चुकीचा घेतला नव्हता, चुकीचा उचलला."

सगळे हसले. मीही हसलो, पण माझा चेहरा जरा ओढलेलाच असणार. तक्रारदारांनी तक्रार मागे घेत असल्याचा जबाब दिला. रिपेअरवाल्याने दुपारी ठाण्यातच बसून दोघांच्या फाइली इकडच्या तिकडे करून दिल्या. मी तेवढ्यात त्याचा पडताळणी अहवाल लिहून काढला: प्रतिकूल काही नाही. सही केली, शिक्का मारला आणि त्याला दाखवला.

"झालं तुमचं काम," मी म्हणालो. सकाळपासून 'तू' चाललं होतं, ते आता तोंडातून निघेना.

तो उठला नाही. "साहेब, राग नाही ना येणार? एक सांगू? सकाळी तुमच्या माणसांनी मला नेलं ते सगळ्या लाइनीने बघितलं. आता मी सुटलो ते कोण बघणार? कागद मी कंपनीला दाखवेन. गिऱ्हाइकाला काय दाखवू?"

"काय करू म्हणता?"

"उद्या दुकानात चहाला या. गणवेशात या."

गेलो. अकरालाच गेलो, मुद्दाम. त्याने दुकानाच्या तोंडाशी स्टूल टाकलं. मी तिथे बसून चहा प्यालो. येणारे-जाणारे थांबून बघत होते. तेवढ्यात एक तरुण जोडपं आलं. "दादा, एकदम पॉवरफुल लॅपटॉप घ्यायचाय. कुठला घेऊ?" तो लगेच काही सुचवेना. प्रश्नच विचारत बसला: नुसते पिक्चर बघणार की गेम पण? गेम कुठले? टीव्हीला लावणार का? रोज उचलून नेणार की घरीच राहणार? किती वर्षं वापरायचाय? दोघं एकमेकांकडे बघून उत्तरं देत होते. शेवटी त्याने कागदावर तीन ओळी लिहून दिल्या आणि म्हणाला, यापेक्षा जास्त कुणी गळ्यात मारलं तर घेऊ नका. त्याची चौकशी मला माझ्यापेक्षा सरस वाटली. तो आधी विचारत होता आणि मग ठरवत होता. मी आदल्या दिवशी आधी ठरवलं आणि मग विचारलं. शिवाय जे कळलं नाही ते पुन्हा समजावून सांग म्हणण्याऐवजी आवाज चढवला. त्यानंतर उरलेल्या नोकरीत मी पुष्कळांना म्हणालो, "मला नाही समजलं, परत सांगा." त्याने माझा दर्जा काही कमी झाला नाही.

पलीकडून हेडक्लार्क काका येताना दिसले. मला बघून ते थबकले, मग रस्ता ओलांडून आत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझीच चूक होती. यांनी काहीसुद्धा घेतलं नव्हतं." रिपेअरवाल्याने मान खाली घातली. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही भरले, खोटं कशाला बोलू.

कप केव्हाच रिकामा झाला होता. तरी मी आणखी दहा मिनिटं तिथे बसलो, आणि समोरच्या दुकानांतून नीट दिसावं म्हणून टोपीही काढली नाही.