संध्याकाळी घरी येणारा माणूस

गेल्या वर्षी लेकीच्या होणाऱ्या सासरचं घर पाहायला मी आणि माझा मेव्हणा लातूरहून अर्धापूरकडे निघालो. मुलगी दाखवून झाली होती, मुलगा तिला मनापासून पसंत होता. खोट काढायला मला एकच जागा उरली होती: मुलगा फौजेत.

माझं भुसाराचं दुकान. तूर असो की माणूस, खडा शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. ड्रायव्हर मोबाइल कानाला लावून उसाच्या ट्रॅक्टरांना कट मारत होता, आणि मी पट्टा न लावता पुढच्या सीटवर बसून सीमेवरच्या माणसाच्या जिवाची काळजी करत होतो. आमच्या गल्लीत अवेळी गेले ते हायवेवर गेले, दुकानात बसल्या जागी गेले, एक जण बांधावर साप चावून गेला. फौजेतला एकही गेला नव्हता. पण हा हिशेब त्या दिवशी मला सुचला नाही. भीती म्हटली की मला बंदूकच दिसायची.

घर नीटनेटकं होतं, मागे केळीची बाग. शरणार्थ म्हणून नमस्कार झाले, पोहे आले. मुलगा ड्यूटीवर होता, त्यामुळे बोलायला त्याचे आईवडीलच. भिंतीवर हार घातलेला एका तरुणाचा फोटो होता, अंगात फौजी जॅकेट. एक भाऊ वारलाय एवढंच मध्यस्थाने सांगितलं होतं. कसा, ते मी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरजच वाटली नाही. मला खडा सापडला होता.

मी फोटोला हात जोडले आणि म्हणालो, "एक ल्योक देशासाठी दिलात, तुमचे उपकार हायत. पर दुसरा बी तिकडंच. मी बापानं काय समजून पोरगी द्यावी? शेतात राबणारा, दुकानात बसणारा मानूस निदान संध्याकाळी घरी तरी येतो."

मुलाचे वडील उठून बाहेर गेले. मेव्हण्याने माझा गुडघा दाबला. आई मात्र तिथेच बसून राहिली.

"त्यो फौजेत नव्हता, भाऊ," ती म्हणाली. "जॅकेट थोरल्याचं हाय. थंडीत शेतात घालायचा. पाण्याची मोटार चालू करायला गेला अन् पेटीत करंट उतरला व्हता."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"भरतीत त्याची बी निवड झाल्ती. मीच जाऊ दिलं न्हाई. लई रडला. म्हनलं, एक तरी घरी जित्ता राहू दे. तुमी आत्ता म्हनलाव ना, तेच म्हनले होते मी त्याला."

मी माफी मागायला हात जोडले. तिनेच मला सावरून घेतलं. "तुमचं काय चुकलं? बापाचा जीव हाय. न्हाई म्हनायचं तर म्हना. पर भीतीपायी म्हनू नका."

मी खाली मान घालूनच होकार दिला. तो विचाराने दिला की लाजेने, हे मला आजही सांगता येत नाही. घरी आल्यावर लेकीने विचारलं, "घर आवडलं का, बाबा?" आवडलं म्हणालो, तेव्हा ती लहान असताना हसायची तशी हसली. मी तिथे काय बोलून आलो ते तिला सांगायची हिंमत झाली नाही.

आता ती तिथे नांदते आहे, सुखात आहे. मी गेलो की तिची सासू स्वतः वाढायला उभी राहते. तिने ती गोष्ट सुनेला अजून सांगितलेली नाही, हे मला लेकीच्या वागण्यावरून कळतं. मागच्या खेपेला लेक तिच्यासमोरच कौतुकाने म्हणाली, "आमच्या बाबांनी फौजी म्हणून एका शब्दानेही खळखळ केली नाही." सासूने मान डोलावली आणि माझ्या ताटात अजून एक भाकर वाढली.