धुतलेली विहीर

कुशाबाईच्या अंगणात पाय ठेवायचा म्हणजे आधी चपला बाहेर काढायच्या, मग दगडावर उभं राहून पाय धुवायचे. एवढं करूनही ती पायांकडे बघणार आणि म्हणणार, "टाचा ऱ्हायल्या." आमचं आणि त्यांचं घर बांधाला बांध लागून, त्यामुळे हा छळ मी लहानपणापासून सोसला. वस्तीवरची पोरं तिला चुकवून मागच्या बाजूने जायची. माणसाने इतकं स्वच्छ असू नये, असं माझं तेव्हाही मत होतं. आता तर पक्कं झालं आहे.

मंचर ओलांडलं की हायवे सोडून ओढ्याकाठाने आत यायचं, तिथे आमची वस्ती. वस्तीत विहीर एकच धड, आणि ती कुशाबाईच्या सासऱ्याने बांधलेली. पाणी असं की तूरडाळ एका उकळीत मऊ व्हायची. चतुर्थीला ओझरला चालत निघालेली माणसं वाट वाकडी करून तिच्याकडे पाणी प्यायला यायची, कांद्याचे ट्रकवाले कॅन भरून न्यायचे. चिंचेने घासलेला पितळी तांब्या, बाहेरून पदराने पुसलेला, कुशाबाई दोन्ही हातांनी पुढे धरायची. पिणाऱ्याने "काय गोड पाणी आहे" म्हटलं की मान खाली घालायची, जणू ते तिनेच केलं होतं. पोटी एक मुलगा, सून इंद्रायणी, थोडी जमीन आणि नवरा सावळाराम, जो दिवसाला मोजून चार शब्द बोलायचा. बाईला मिरवायला जगात एवढी एक विहीर होती.

शहाण्णव साली ओढ्याच्या वरच्या अंगाला पत्र्याची शेड उभी राहिली. नळाच्या तोट्यांना चकाकी देण्याचा कारखाना. वस्तीतली काही पोरं कामाला लागली म्हणून पेढे वाटले गेले. मीही खाल्ले.

पुढच्या वर्षी डाळ शिजेना. कुशाबाईने आधी मंचरच्या दुकानदाराला शिव्या घातल्या, मग स्टोव्हला, मग इंद्रायणीला. हळूहळू बादलीच्या तळाशी पिवळट रंग दिसू लागला. धुणं धुतल्यावर बायकांच्या हातांना भेगा पडायला लागल्या. तरी ती ऐकेना. माझ्या हिरीला नावं ठेवू नका, म्हणून भांडली. एके दिवशी म्हशीने हौदात तोंड घातलं, हुंगलं आणि मान फिरवली. त्या दिवशी कुशाबाई पायरीवर बसून रडली.

मग सावळाराम हलला. न बोलणारा माणूस एकदा पेटला की त्याला आवरणं कठीण. पिवळ्या पाण्याची बाटली पिशवीत घालून तो एसटीने पुण्याला जायचा, प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात बसून राहायचा, संध्याकाळी परत यायचा. आमच्याकडे त्या ऑफिसाला कुणी पूर्ण नावाने हाक मारली नाही, 'प्रदूषणवाले' एवढंच. तिथे एक चांदगुडे नावाचे साहेब होते. त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर कितीतरी तालुके आणि जीप एकच, तीही दुसऱ्या साहेबांनी नेली नाही तर. तरी ते आले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा आले. खरं बोलायचं तर सरकारी माणसाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण चांदगुडे ओढ्यातल्या काट्यांतून पँट फाडून घेत कारखान्याच्या पाइपापर्यंत चढायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दर वेळी पाइप कोरडा ठणठणीत. कारखाना पाणी सोडायचा ते अंधार पडल्यावर.

शेवटच्या खेपेला ते विहिरीच्या कठड्यावर बसले. पोहऱ्यातलं पिवळं पाणी हुंगून त्यांनी बाजूला ठेवलं.

"सावळाराम, पाइप मला कधीच ओला सापडणार नाही," ते म्हणाले. "पण तुमच्या विहिरीत उतरलेलं पाणी ते कुठे लपवणार? रीतसर नमुना नेऊ, पुण्यात तपासू. त्यात विष निघालं की त्या शेडची वीज तोडायला लावतो. दुसरा पुरावा माझ्याकडे नाही, एवढं लक्षात ठेवा."

आणि तोवर प्यायला पाणी हवं म्हणून त्यांनी तालुक्याला लिहून वस्तीला टँकर सुरू करून दिला. नमुन्याचं बोलणं मात्र सावळारामपाशीच राहिलं, दिवसाच्या चार शब्दांत ते बसणारं नव्हतं.

दोन हजार साल, वैशाखातले दिवस. सावळारामचा मेहुणा ओतूरला वारला, म्हणून तो बहिणीकडे गेलेला. अशात किराणा दुकानाच्या फोनवर पुण्याहून निरोप आला. फोन घेतला कुशाबाईच्या पुतण्याने, गोरखने. परवा साहेब विहिरीचं पाणी न्यायला येणार.

कुशाबाईने विहिरीत डोकावलं. भिंतींना शेवाळ, पाण्यावर पिवळी साय, कडेला कुजलेला पाला.

"साह्यब येनार आन् हीर अशी?" ती म्हणाली. "काय म्हनतील? ह्या बाईला हीर बी नीट ठेवता येत न्हाई?"

पुढचं सगळं गोरखने मला सांगितलं. मी त्या दिवशी मार्केटात बटाटा उतरवत होतो. तिथे असतो तर मीही बादली धरली असती, यात शंका नाही. दोन मोटरी लावून विहीर तळापर्यंत उपसली. गोरख आणि आणखी दोघं आत उतरले, गाळ काढला, भिंती खराट्याने घासल्या. कुशाबाई वरून ओरडत होती, "त्या कोपऱ्यात ऱ्हायलं बघ!" ग्रामपंचायतीतून ब्लीचिंग पावडर आणून शिंपडली. सगळं झालं आणि मग लक्षात आलं की वैशाखात झरे आटलेले, तळाला जेमतेम ओल.

"पावन्याला रिकामी हीर दावायची व्हय?" कुशाबाई म्हणाली.

नशीब असं की कालव्याला पाणी चालू होतं. गोरखने चारीतून पाइप टाकला आणि विहीर धरणाच्या पाण्याने भरून दिली. सकाळी कठड्याभोवती रांगोळी काढली. मुलगी बघायला येतात तेव्हा घर आवरतात, तशी तिने विहीर आवरली.

चांदगुडे त्या दिवशी सुनावणीला अडकले होते. त्यांनी प्रयोगशाळेतला माणूस पाठवला. त्याने ही विहीर कधी पाहिली नव्हती. त्याने कॅन भरले, लाखेचं सील लावलं, सह्या घेतल्या आणि पुरणपोळी खाऊन गेला. जाताना म्हणाला, "मावशी, एवढी स्वच्छ विहीर मी तरी बघितली नाही." कुशाबाई आठवडाभर ते सांगत होती.

सावळाराम ओतूरहून परत आला तोवर पाणी पुन्हा पिवळं पडायला लागलं होतं. साहेबाचा माणूस पाणी घेऊन गेला, एवढं त्याला कळलं. विहीर धुतल्याचं कुणी बोललं नाही. लपवलं असंही नाही. घर झाडलं हे कोण कुणाला सांगत बसतं?

एका रविवारी चांदगुडे एकटेच एसटीने आले. अंगावर साधा शर्ट, चेहरा उतरलेला. ओसरीवर बसले. सावळाराम होता, गोरख होता, मी होतो, दारात कुशाबाई.

"पाणी पिण्यायोग्य आहे, असा रिपोर्ट आलाय," ते म्हणाले. "मी स्वतः त्या विहिरीतलं पिवळं पाणी बघितलंय, हुंगलंय. ते गेलं कुठं? नमुना बदलला का कुणी? खरं सांगा."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. कुशाबाई मात्र एक पाऊल पुढे आली. तिला वाटलं साहेब तिच्या कामावर शंका घेताहेत.

"बदलंल कोन? तुमी येनार म्हनून सोता उभी ऱ्हाऊन धुऊन घेतली हीर. थेंबभर जुनं पानी ठेवलं न्हाई साह्यब. गोरखला इचारा. समदी कालव्याच्या पान्यानं भरली."

हे ती मोठ्या अभिमानाने बोलली. नंतर आमचे चेहरे पाहिले. कुणी काही समजावून सांगितलं नाही, तरी तिला ते समजत गेलं. आधी हात पदराकडे गेला, मग दाराच्या चौकटीला. चांदगुडे रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली. शेवटी सावळाराम बोलला.

"अगं, साह्यबांना पानी दे."

तिने टँकरचं पाणी आणून दिलं.

चांदगुडेंनी पुन्हा नमुना घ्यायची परवानगी मागितली, खटपट केली. पण आता तो रिपोर्ट कारखान्याच्या हातात होता. तुमच्याच प्रयोगशाळेने पाणी चांगलं म्हटलंय, मग आमच्यामागे का लागता, असं सुनावणीत विचारलं गेलं आणि प्रकरण तिथेच थांबलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांची बदली झाली. त्याआधीच टँकर बंद झाला होता. ज्या वस्तीचं पाणी पिण्यायोग्य आहे, तिला टँकर कशाला? तालुक्याचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. ज्यांना जमलं त्यांनी हायवेवरून पाणी विकत आणलं, बाकीचे विहिरीचं उकळून प्यायले. उकळून काय जातं आणि काय राहतं, हे आम्हाला कुठे माहीत होतं?

सावळाराम विहिरीचंच पीत राहिला. हट्ट होता, की आणखी काही, मला सांगता येणार नाही. पोट धरून दोन वर्षं काढली आणि दोन हजार चार साली गेला. डॉक्टरांनी पाण्याचं नाव घेतलं नाही, तेव्हा मीही ठामपणे म्हणणार नाही. कुशाबाई मात्र धरून बसली. तेराव्यानंतर मला म्हणाली, "ह्या चार वर्सांत येका शब्दानं बोललं न्हाईत मला. शिवी द्यायची व्हती की, भाऊ. हात उचलायचा व्हता. मी म्हनलं असतं, फिटलं."

खरं सांगू का, मलाही तिचा राग होता. इतकी वर्षं तिची ती टापटीप सोसली आणि शेवटी तिनेच घात केला, असं मनात यायचं. तिचं तोंड बघितलं की तो राग गिळावा लागायचा, आणि गिळलेला राग पचत नाही.

सात साली प्रदूषणवाल्यांच्या नव्या साहेब आल्या. तेजस्विनी नाव, वयाने लहान, जीन्सची पँट. न कळवता आल्या. नमुने घेतले, ओढ्यातला गाळ घेतला आणि पुढच्याच महिन्यात कारखाना बंद करण्याचा हुकूम आणला. चांदगुडेंना जे जमलं नव्हतं, ते या मुलीने करून दाखवलं. फक्त शेडमध्ये तोवर काही उरलं नव्हतं. मशिनं आधीच दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती, हुकूम पत्र्यावर चिकटवून त्या वस्तीवर आल्या.

"जमिनीत उतरलेलं आता लवकर निघायचं नाही, आजी," त्यांनी कुशाबाईला सांगितलं. "तुम्ही कितीही उपसली तरी."

त्यांना जुनं काही माहीत नव्हतं, त्या सरळ मनाने बोलल्या. कुशाबाईने मान हलवली.

जाण्याआधी त्यांच्या माणसाने कठड्यावर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाणी पिण्यास अयोग्य.' टँकर पुन्हा सुरू झाला. चतुर्थीची माणसं आता बाटल्या घेऊनच चालतात, कुणी वाट वाकडी करत नाही.

परवा मी बांधावरून जात होतो. कुशाबाई विहिरीपाशी बसली होती, पाठ पार वाकलेली. शेजारी टँकरच्या पाण्याची कळशी, हातात ओलं फडकं. हायवेचा धुरळा बसून लाल अक्षरं मळतात, ती पुसत होती. एकेक अक्षर, कानाकोपऱ्यातून, पूर्वी तांब्या घासायची तसं. तिला वाचता येत नाही.

माझी चाहूल लागल्यावर तिने वर पाहिलं.

"लांबनं वाचता येतंय ना?" तिने विचारलं.

"येतंय," मी म्हणालो.

ती पुन्हा पुसायला लागली.