पोट कापलेल्या पोरीची ओटी

"नाई, कोनतंच ऑपरेशन झालं नाई," माझी लेक डॉक्टरीणबाईला सांगत होती, आणि तिच्या पुढ्यात तिचीच पोरगी, सातवा महिना लागलेली, खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन हिरवं पाणी ओकत होती.

धडधडीत खोटं. लग्नाच्या आधी त्याच पोरीला नागपूरला नेऊन तिनं पोट कापून लहान करून आणलं होतं. हे लेकीला माहीत होतं, मला माहीत होतं, ओकणाऱ्या पोरीला तर होतंच. खाटेच्या पायथ्याशी पोरीची सासू उभी होती. तिला माहीत नव्हतं. तिला कळू नये म्हणून हे खोटं चाललं होतं, आणि तिकडं पोरीचे ओठ पांढरे पडत चालले होते.

माझी नात लहानपणापासून अंगानं भरलेली. सावली तालुक्यात आमच्या धानाच्या बांधीत ती रोवण्याला, म्हणजे लावणीला, उतरली की दोन बायांचं काम एकटी ओढायची. तेव्हा ती कोणाला जाड वाटली नाही. लग्नाला काढली आणि सगळ्या जगाला दिसली. पाहुणे यायचे, पोहे खायचे, चहा प्यायचे आणि घरी जाऊन निरोप पाठवायचे की पोरगी गुणाची आहे, पण जरा भारी आहे. एक जण तर तोंडावर बोलला, "आमच्या पोराच्या गाडीचा टायर बसन, आजी." त्याचा पोरगा बाजूला बसला होता, सदऱ्याची बटणं तुटायला आलेली. मी म्हटलं, "टायर तर आत्ताच बसला असन, भाऊ. जाताना हवा भरून जा." लेक माझ्यावरच चिडली.

मग तिला कोणीतरी हे ऑपरेशन सांगितलं. जठर कापून लहान करायचं आणि आतडं वर आणून त्याला जोडायचं. मी सोबत गेले होते. तिथल्या डॉक्टरनं माझ्यासमोर बजावलं होतं. गोळ्या जन्मभर घ्यायच्या. थोडं थोडं खायचं, एकदम नाही. दीड-दोन वर्षं मूल होऊ द्यायचं नाही. आणि पुढं कधी पोटात जोराची कळ आली, तर ज्या दवाखान्यात जाल तिथं पहिलं या ऑपरेशनचं सांगायचं. मी चौथी शिकलेली, मला समजलं. लेक बारावी झालेली. ती मान हलवत होती आणि मनात मांडव घालत होती.

पोरगी अंगानं उतरली. कोरपन्याकडं सिमेंटच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलानं पसंत केली. हळद लागली, अक्षता पडल्या. पोटावरच्या बारीक खुणांचं सासरी सांगितलं की गाठ काढली होती. गोळ्या माहेरच्या कपाटात राहिल्या, कारण सासरी कोणी विचारलं असतं की कशाच्या गोळ्या. आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत दिवस गेले. सगळे खूश. गर्भारणीला मिळणाऱ्या सरकारी लोहाच्या गोळ्या सासूनं बंद केल्या, त्यानं पोर काळं होते म्हणून. मी म्हटलं, आता तरी सांगा. लेकीनं मला तिच्या गळ्याची शपथ घातली.

ओटी भरायला पोरीला माहेरी आणलं. हिरवं लुगडं नेसवून पाटावर बसवली तेव्हा मी तिच्याकडं पाहिलं. पोट तेवढं पुढं आणि बाकी नुसती हाडं. डोळ्यांच्या खालची कातडी उघडून पाहिली, रक्ताचा थेंब नाही. माझ्या कानात म्हणाली, "आजी, मी जेवली का मले पोटात पीळ पडल्यासारखा होते. लई दिवस झाले." लेकीनं ऐकलं आणि म्हणाली, "पोर फिरून राह्यलं, दुसरं काई नाई."

आमच्याकडं ओटीला आलेली प्रत्येक बाई गर्भारणीला आपल्या हातानं घास भरवते. घास परत करायचा नाही. परत केला तर बाळाच्या तोंडचा घास जातो म्हणतात. कोणी म्हटलं आणि कधी म्हटलं, ते कोणी विचारत नाही. पुरणपोळी, खीर, सांभारवडी, अनारसे. अर्ध्या वाटीत जिचं पोट भरतं तिला अख्खी आळी भरवायला बसली. पोरगी घास गालात धरायची आणि पदराआड तोंड करून हळूच काढायची. सासूनं ते पाहिलं.

"आमच्या हातचं जात नाई वाटते इले," सासू सगळ्यांत बोलली.

"खा व माय, दोन जिवांची तू," दुसरी बाई म्हणाली.

मी म्हटलं, "पुरे करा आता. तिले सोसत नाई."

"आजीले नातीचा लई पुळका! तुमच्या वाट्याचं नाई खात ती," असं म्हणून सगळ्या हसल्या. लेकीनं माझ्याकडं डोळे वटारले. आणि पोरगी गिळायला लागली. एकेक घास, डोळ्यांतून पाणी गाळत. बायांना वाटलं, माहेरच्या मायेनं भरून आलं.

बाया घरी पोचल्याही नसतील, तेवढ्यात ती आडवी झाली. कोणी म्हणालं दृष्ट लागली, मीठ-मिरची उतरवली. कोणी म्हणालं गॅस आहे, ओवा दिला. गल्लीतल्या डॉक्टरनं पित्ताचं इंजेक्शन टोचलं. सुईणीला बोलावून पोटाला तेल चोळायला लावलं, तेव्हा पोरगी अशी किंचाळली की मी सुईणीचा हात धरून तिला बाहेर काढलं. गाडी बोलावली मी. लेक म्हणत होती, थांब, उतरन. ती पोरीच्या दुखण्याचं बोलत होती.

तर तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं विचारलं आणि लेक नाही म्हणाली.

डॉक्टरीणबाईनं पोटावरच्या खुणांवर बोट ठेवलं. "मग हे काय आहे?"

"गाठ," लेक म्हणाली.

मी म्हटलं, "गाठबीठ काई नाई. इचं पोट कापून लहान केलं आहे, नागपूरले. आतडं वर जोडलं आहे. दोन वर्षंबी नाई झाले."

"आई!" लेक ओरडली.

"तू चूप. तुह्या गळ्याची ती शपथ घाल चुलीत."

डॉक्टरीणबाईचा चेहराच बदलला. तिनं एका श्वासात दोन नर्सना हाका मारल्या. मग आम्हाला सांगितलं की अशा ऑपरेशननंतर आत फट राहते, गर्भाशय वाढलं की आतडं वर ढकललं जातं, त्या फटीत शिरून पिळून अडकतं, आणि सोडवलं नाही तर सडतं. इथं होणार नाही, चंद्रपूरला न्या, आत्ताच्या आत्ता.

सासूला आता कंठ फुटला. "म्हंजे आमाले फसवलं! पोट कापलेली पोरगी गळ्यात मारली!"

"फसवलं," मी म्हटलं. "खरं आहे. गाडीत बसा, इहीणबाई, रस्त्यानं भांडू."

बसली. मूल गावाकडचं जंगल लागेपर्यंत भांडली, मग पोरीचा आवाज बंद झाला तशी तीही बंद झाली. पुढं तिनंच पोरीचे तळपाय चोळले.

चंद्रपूरला पोट उघडलं. मूल आधी बाहेर काढलं, मग आतडं सोडवलं. काळा पडलेला तुकडा कापून टाकला. मूल माझ्या ओंजळीत मावलं असतं एवढं. अंगात रक्त कमी, आईच्या अंगातच नव्हतं तर त्याला कुठून मिळणार? काचेच्या पेटीत नळ्या लावून ठेवलं.

नातजावई ड्यूटीवरून परस्पर तिथं आला. पोरीच्या सासूनं त्याला रडत रडत सगळं सांगायला घेतलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मले माहीत होतं, आई. तिनं लग्नाआधीच सांगितलं होतं."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तू नावं ठेवशीन म्हनून."

त्या वऱ्हांड्यात मला एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. लेक विहिणीला भ्यायली, पोरगी आईला, नवरा स्वतःच्या आईला. ज्याच्यापासून लपवायचं त्या नवऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत, आणि त्याला ती पोरगी जाड होती तेव्हाही चालली असती, असं तो तिथंच बोलला. मी म्हटलं, "मंग त्या वेळी पोहे खायले तू काऊन नाई आला रे?"

लोक म्हणतात, सातव्यातलं पोर जगते, त्याचं नशीब असते. नशीब गेलं खड्ड्यात. डॉक्टरीणबाईला खरं कळलं म्हणून पुढचं झालं. ते कोणी म्हणत नाही.

नातीच्या गोळ्या आता सासरी स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीजवळ, उघड्यावर असतात. सासू आठवण करते आणि सोबत टोमणाही मारते. मारू दे. बाळालाही व्हिटॅमिनच्या सुया घ्याव्या लागल्या, आईच्या दुधातून जे मिळायला पाहिजे ते मिळत नव्हतं म्हणून.

मी शपथ मोडली, चारचौघांत नाक कापलं, म्हणून माझी लेक अजून माझ्याशी बोलत नाही. नको बोलू. तिची लेक जगली. तिच्या लेकीची लेकही जगली.